मुळाकाठ डॉट कॉम

नगरच्या दिल्ली गेटच्या आत डाव्या हाताला माझं चष्म्याचं दुकान आहे आणि त्याला लागून जोएल उजागरेचं 'शालोम ग्राफिक्स'. आमच्यातली भिंत एका विटेची. त्याचं छपाईचं मशीन सुरू झालं की माझ्या शोकेसमधल्या फ्रेमा थरथरतात. सतरा वर्षं हे चालू आहे. तो मला माधवकाका म्हणतो, मी त्याला अरे-तुरे करतो. सकाळचा चहा त्याच्याकडून, दुपारचा माझ्याकडून.

जोएल आता एकेचाळीसचा. आई हन्नाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायच्या. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची चूक असलेली पत्रिका जोएलच्या दुकानातून आजवर बाहेर पडलेली नाही. बायको आराधना दवाखान्यात नर्स आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, लेबलं, नाताळची कार्डं, वाढदिवसांचे फ्लेक्स हा त्याचा धंदा. पण त्याचं खरं अंग नवी नावं सुचवण्यात. कुणी नवीन दुकान काढणारा आला की जोएल त्याला समोर बसवायचा, गाव कुठलं, आजोबा काय करायचे, माल कसला, सगळं विचारायचा आणि तासाभराने असं एक नाव काढायचा की माणूस खूश होऊन जायचा. त्याचे वेगळे पैसे त्याने कधी लावले नाहीत.

पुढे जे झालं ते या गुणातूनच झालं, असं मला वाटतं.

२०१९ साली केडगावचा एक जण रोपवाटिकेची वेबसाईट करून घ्यायला आला. जोएलने नाव सुचवलं 'हिरवी ओसरी' आणि त्या नावाचं डोमेन स्वतःच्या खात्यावर घेऊन टाकलं. डोमेन म्हणजे वेबसाईटचा पत्ता. तो आधी जो नोंदवेल त्याचा. मात्र कायमचा नाही, दर वर्षी पैसे भरून चालू ठेवावा लागतो. रोपवाटिकेवाल्याने नंतर बेत सोडला आणि नाव जोएलकडे पडून राहिलं. सात महिन्यांनी पुण्याच्या एका बिल्डरची मेल आली. त्याला आपल्या नव्या सोसायटीसाठी तेच नाव हवं होतं. चाळीस हजार मिळाले. जोएलने आईला वॉशिंग मशीन घेतलं आणि गल्लीत सगळ्यांना पेढे वाटले.

"ते चाळीस हजार आले नसते तर बरं झालं असतं," आराधना आजही म्हणते.

कारण त्यानंतर त्याच्या मनाने घेतलं की आपल्याला यातलं कळतं. तो व्हिडिओ बघायला लागला. अमुक माणसाने एक शब्द विकून बंगला बांधला, तमुक माणूस घरबसल्या कोट्यधीश झाला. ज्यांची नावं विकली गेली नाहीत, ते कुणी व्हिडिओ करत नाहीत. हे मला सुचलं तेही फार उशिरा. तेव्हा मीही आ वासून त्याच्याबरोबर बघत होतो.

मग २०२३च्या मे महिन्याच्या शेवटी नगरचं नाव बदलणार अशी घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी मी शटर वर करत होतो तोच जोएल आला. त्याने दुकान उघडलंच नव्हतं, पायात घरातल्या चपला होत्या.

"काका, एका जिल्ह्याचं नाव बदलतंय. प्रत्येक हॉटेल, प्रत्येक क्लास, प्रत्येक दवाखाना नवीन नाव लावणार. सगळ्यांना पत्ते लागतील."

नुसतं 'अहिल्यानगर' आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेलं होतं. तेव्हा त्याने त्याला शेपट्या लावल्या. अहिल्यानगर प्लॉट, अहिल्यानगर विवाह, अहिल्यानगर ट्रॅव्हल्स, अहिल्यानगर डॉक्टर. इंग्रजीत लोक ते नाव कसं लिहितील याचा भरवसा नाही म्हणून प्रत्येकाची दोन-दोन, तीन-तीन स्पेलिंगं. आठवड्यात साठ नावं झाली. पहिल्या वर्षाला सवलत होती, नाव दीडशे-दोनशेला पडत होतं. 'अहिल्यानगर चष्मा' माझ्यासाठी म्हणून घेतलं. मीही नको म्हणालो नाही.

नाव बदललं. पाट्या बदलल्या, सरकारी कागद बदलले. पण एसटी स्टँडवर कंडक्टर "नगर, नगर" असंच ओरडत राहिला, आणि जोएलकडे बिलबुकं छापायला येणारे दुकानदारही पत्त्यात जुनं-नवं काय लिहायचं ते त्यालाच विचारत राहिले. वेबसाईटचा पत्ता कुणी मागितला नाही.

जोएल मात्र तोवर अडीचशेच्या पुढे गेला होता. तो एका जागी बसेनासा झाला. मशीनवर कागद लावताना दुसऱ्या हातात मोबाईल. गाडीवरून जाताना कुठे चांगला शब्द दिसला की गाडी बाजूला घ्यायचा आणि ते नाव मोकळं आहे का बघायचा. सिग्नलला मागून हॉर्न वाजायचे. गिऱ्हाईक बोलत असलं की याचे डोळे त्याच्या तोंडाकडे असायचे, पण ऐकण्यासाठी नव्हे, एखादा शब्द पडतो का ते टिपण्यासाठी. एका रविवारी चर्चमध्ये पाळकांचा संदेश चालू असताना त्याने मांडीवर मोबाईल ठेवून 'जीवनाचं पाणी' हे नाव नोंदवलं. शेजारी बसलेल्या हन्नाबाईंनी ते पाहिलं. त्यांनी हात पुढे करून मोबाईल घेतला आणि पर्समध्ये टाकला. उपासना संपेपर्यंत जोएलचा उजवा पाय हलत होता, असं त्या मला म्हणाल्या.

दुसऱ्या वर्षी सवलत संपली. आता प्रत्येक नावाला हजाराच्या आसपास. दर दोन-तीन दिवसांनी कुठल्या ना कुठल्या नावाची मुदत संपत असायची आणि मोबाईलवर सूचना यायची. सोडावं तर वाटायचं, उद्याच याला गिऱ्हाईक आलं तर? म्हणून भरायचं. वर्षभर त्याने फक्त भरलं.

ऑगस्ट २०२४मध्ये अखेर एक गिऱ्हाईक आलं. दुबईची पार्टी, 'अहिल्यानगर प्लॉट'ला साडेतीन लाख द्यायला तयार. फक्त नावाच्या किमतीचं सर्टिफिकेट पाहिजे म्हणाली. ते देणारी साईटही तिनेच सुचवली. जोएलने अकरा हजार भरले, सर्टिफिकेट आलं, त्यावर किंमत पाच लाख लिहिलेली होती. पार्टी पुन्हा बोलली नाही. चार दिवस त्याने मला हे सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा म्हणाला, "काका, आता खरा माणूस आला ना, तर त्याला स्वस्तात सोडणार नाही." मला तेव्हा ते बरोबरच वाटलं होतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात सोनईचे गोरक्ष बेल्हेकर दुकानात आले. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी लाकडी घाणा टाकला होता, करडई आणि शेंगदाण्याचं तेल काढत होते. बाटल्यांवर लावायला लेबल पाहिजे होतं. मी तिथेच चहा पीत बसलो होतो.

"नाव ठरलंय का?" जोएलने विचारलं.

"व्हय. मुळाकाठ. आमच्या रानापासून मुळा नदी काय लांब न्हाई. पोरगीनं काढलं हे. पुन्याला शिकती ती."

जोएलने तो शब्द दोनदा हळूच म्हणून पाहिला. "चांगलं आहे. फार चांगलं आहे."

"तुमाला पटलं म्हंजी झालं. तुमच्या हाताला गुन हाय असं सगळी म्हनत्यात."

त्याने लेबल खरंच सुंदर केलं. पिवळ्यावर तपकिरी अक्षरं, 'ठ'च्या गोलातून तेलाचा एक थेंब ओघळलेला. गोरक्षभाऊंनी लेबल डोळ्यांजवळ नेऊन बघितलं, मग लांब धरून बघितलं. पाच हजार लेबलांची ऑर्डर देऊन ते गेले आणि त्यांची एसटी अजून शेंडी गावाच्या पुढे गेली नसेल तोवर जोएलने 'मुळाकाठ डॉट कॉम' आणि 'डॉट इन', दोन्ही घेऊन टाकली.

"अरे, ते त्यांचं नाव आहे," मी म्हणालो.

"त्यांच्यासाठीच राखून ठेवतोय, काका. दुसऱ्या कुणी उचललं तर? मागतील तेव्हा देऊन टाकीन."

पण दोन दिवसांनी मी बघितलं, बाकीच्या नावांबरोबर तेही विक्रीच्या साईटवर चढवलेलं होतं. मी विचारलं तर म्हणाला, सगळी एकदमच चढतात, एक-एक कुठे निवडत बसू.

फेब्रुवारीत मुळाकाठसाठी विचारणा आली. त्या साईटवर घेणारा आणि देणारा दोघांचीही नावं झाकलेली असतात. मेल इंग्रजीत होती, नीटनेटकी. बारा हजार देऊ म्हणत होते. जोएल मेल घेऊन माझ्या दुकानात आला. चष्म्याला गिऱ्हाईक बसलं होतं, तरी थांबवेना त्याला.

मी गिऱ्हाईकाचं उरकलं आणि विचारलं, "सोनईवाल्यांचीच नसेल ना ही?"

"असली इंग्रजी ते लिहिणार आहेत का? ही कंपनी आहे, काका. तेलाचा ब्रँड काढतायत. मुंबईचीही असेल."

त्याने दोन लाख सांगितले. तीन दिवसांनी पंचवीस हजारांची मेल आली. सोबत लिहिलं होतं, आमचा व्यवसाय लहान आहे, यापेक्षा जास्त जमणार नाही.

जोएल एकदा बसायचा, एकदा उठायचा. "देऊन टाकू का?"

मला त्या वेळी काय झालं कुणास ठाऊक. बहुतेक मलाही त्याच्यासारखंच व्हायला लागलं होतं. मी म्हणालो, "बारावरून पंचवीसवर आलेत. थांब जरा."

तो थांबला. दीड लाख सांगून थांबला. पुढे मेल आली नाही. दहा दिवसांनी त्याने आपणहून एक लाख लिहिलं, मग साठ हजार, मग पंचवीस. एकालाही उत्तर नाही. दिवसातून तीसेक वेळा तो मेल उघडून बघायचा. मधल्या भिंतीतून मला त्याच्या खुर्चीचा आवाज यायचा, सरकली, पुन्हा सरकली.

मार्च संपताना बँकेचा कागद आराधनाच्या हाती लागला. ती भांडली नाही. रविवारी उपासनेहून आल्यावर जेवणं झाली, हन्नाबाई कॉटवर टेकल्या आणि आराधना टेबलाशी वही घेऊन बसली.

"नावं वाचा," ती म्हणाली.

"कसली?"

"तुमची. सगळी. मोठ्याने."

जोएलने वाचायला सुरुवात केली. प्रत्येक नावाला आराधना एकच विचारायची, "हे कोण घेईल?" पहिल्या दहा-पंधराला त्याने उत्तरं दिली. क्लासवाले घेतील. प्लॉटिंगवाले घेतील.

"कुठले प्लॉटिंगवाले? तुमच्या ओळखीत पाच-सहा आहेत. त्यातल्या एकाला तरी विचारलंत?"

"असं विचारायचं नसतं. त्यांची मेल यावी लागते."

"दोन वर्षांत आली का?"

तो पुढे वाचत गेला. 'चांदणवेळ', 'ओलं कुंकू', 'सांजपायरी', 'जीवनाचं पाणी'. त्याच्या आवडीचे शब्द होते ते. सत्तराव्या-ऐंशीव्या नावाच्या आसपास त्याचा आवाज खाली आला. आराधना विचारायची थांबली होती, नुसती वहीत रेघा ओढत होती. कॉटवरून हन्नाबाई म्हणाल्या, "शब्द छान आहेत रे बाळा. पण हे सगळे तू स्वतःलाच विकलेस."

हे त्यानेच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. तरी त्या आठवड्यात चार नावांची मुदत संपत होती, त्यातली तीन त्याने भरली. आराधनाला कळू नये म्हणून माझ्या कार्डावरून.

एप्रिलच्या उन्हात गोरक्षभाऊ पुन्हा आले. पिशवीतून त्यांनी जुनं लेबल काढून टेबलावर ठेवलं.

"साहेब, नवीन लेबल करायचं. नाव बदलायचं हाय."

"का? चाललंय की हे." जोएल म्हणाला. मी शेजारच्या स्टुलावर होतो. त्याचा हात माऊसवर होता, तो तसाच राहिला.

"चाललंय, लई चाललंय. पुन्यातनं मागनी हाय. म्हनून पोरगी म्हनली वेबसाईट करू. बघितलं तर आमचं नाव कुनीतरी दाबून ठिवलंय. आमच्या अंबिकानं त्याला लिवलं, साठवलेलं पंचवीस हजार देती म्हनली. तर दीड लाख मागतोय. घान्याचा बैल घेतला त्याच्यापेक्षा जास्ती झालं ते. मंग पुन्ना त्याची मेल उघडलीच न्हाई तिनं."

जोएलने स्क्रीनकडे मान वळवली.

"बसला आसंल कुठं तरी मुंबईत, एसीत. त्याला काय म्हाईत मुळा कुठनं वाहती." गोरक्षभाऊंनी लेबलवरून अंगठा फिरवला. "नाव बदलायचं म्हनल्यावर पोरगी रडली. पर करता काय? आता 'बेल्हेकर घाना' करू. ते तर कुनी घेत न्हाई ना?"

आता त्याने सांगायला हवं होतं. मीही बोलायला हवं होतं, 'थांब' म्हणणारा मीच होतो. आम्ही दोघंही बोललो नाही. गोरक्षभाऊ रसवंतीवर बसतो म्हणून गेले आणि जोएलने अर्ध्या तासात लेबल केलं. साधं, सरळ, हिरव्या अक्षरातलं. थेंब नव्हता.

"बिल राहू द्या," गोरक्षभाऊ परत आल्यावर तो म्हणाला.

"आसं कसं? घ्या की."

"नको. राहू द्या."

गोरक्षभाऊ पैसे टेबलावर ठेवून गेले. जोएलने त्या नोटांना दिवसभर हात लावला नाही. संध्याकाळी झाडताना त्या खाली पडल्या, तेव्हा उचलून ड्रॉवरमध्ये टाकल्या.

पुढचे आठ दिवस तो माझ्याकडे चहाला आला नाही. नवव्या दिवशी सकाळी शटरपाशी उभा होता. "सोनईला जाऊन येतो," म्हणाला. मी येऊ का विचारलं. नको म्हणाला. मला त्या नकारानं बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

घोडेगावहून आत वळल्यावर शिंगणापूरची गर्दी, शनिवार होता. ऊन चढल्यावर तो पोचला. घाण्याच्या शेडमध्ये बैल फिरत होता आणि सुट्टीला आलेली अंबिका बाटल्यांना नवीन लेबलं लावत होती. गोरक्षभाऊंनी बाज टाकली, पाणी दिलं. जोएल बसला नाही.

"भाऊ, मुळाकाठ मीच घेतलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही पहिल्यांदा आलात त्याच दिवशी. मेलवर मीच होतो."

गोरक्षभाऊंना आधी उलगडलंच नाही. ते मुलीकडे बघायला लागले. तिला मात्र लगेच कळलं. तिच्या हातातलं लेबल बोटाला चिकटलं होतं, ते तिने सोडवलं आणि विचारलं, "मी लहान व्यवसाय आहे असं लिहिलं होतं. ते वाचलं होतंत?"

"वाचलं होतं."

"मग?"

"मला वाटलं खोटं आहे. कंपनी आहे असं वाटलं."

"कंपनी असती तर चाललं असतं का?"

त्याने सांगितलं की नाव देऊन टाकायला आलोय, पैसे नकोत, आत्ता मोबाईलवरून दोन मिनिटांत होईल.

गोरक्षभाऊ शेडच्या दाराशी जाऊन उभे राहिले. बैल दोन फेरे फिरला. मग ते म्हणाले, "साडेतीन हजार बाटल्यांवर नवं नाव लागलंय साहेब. पुन्याच्या दुकानदारास्नी कळिवलंय. आता ते घिऊन काय करू? तुमी आमचं समदं इचारून घेतलं हुतं. गाव, रान, नदी. मी आपला सांगत बसलो." मग त्यांनी तांब्याकडे पाहिलं. "पानी प्यालात का?"

"हो."

"मग या आता."

जोएल परत आला तो थेट दुकानात. माझ्या काउंटरसमोर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला आणि सगळं सांगितलं. मध्येच त्याचा मोबाईल वाजला, कुठल्याशा नावाची मुदत संपल्याची सूचना. त्याने ती बघितली आणि मोबाईल पालथा ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा सरळ केला.

मे महिन्यात अंबिकाची मेल आली. नाव द्यायचंच असेल तर ते खात्यावर वळवून घ्यायचा कोड पाठवा, एवढंच. वडिलांना विचारून लिहिलं होतं की परस्पर, ते कळलं नाही. जोएलने कोड पाठवला आणि नाव तिच्या खात्यावर गेलं. तिने त्याचं पुढे काही केलेलं दिसत नाही, वेबसाईट अजून कोरी आहे. गोरक्षभाऊ आता लेबलं घोडेगावला छापून घेतात. सोनई भागातली आणखी दोन गिऱ्हाइकं त्यांच्या शब्दावर जोएलकडे यायची, तीही यायची बंद झाली.

अहिल्यानगरची साठ नावं जूनमध्ये एकेक करून सुटली. माझा 'चष्मा'ही गेला. आराधनाच्या वहीतली बरीचशी पानं आता खोडलेली आहेत आणि माझ्या कार्डावरचे पैसे तिने पगारातून दोन हप्त्यांत मला आणून दिले. देताना माझ्याकडे तिने ज्या नजरेने पाहिलं, ते मला बिलाच्या रकमेपेक्षा जास्त लागलं. मी 'थांब' म्हणालो होतो, हे तिला जोएलने सांगितलेलं असणार.

परवा समोरच्या गाळ्यावर नवीन पाटी चढत होती, कुणाचं तरी आइस्क्रीमचं दुकान. जोएल दारात येऊन उभा राहिला आणि पाटीवरचं कागदी आवरण निघेपर्यंत हलला नाही. मी त्याच्या खिशाकडे बघत होतो. त्याने हात घातला, मोबाईल काढला, वेळ बघितली आणि परत ठेवला.

"किती उरलीत?" मी विचारलं.

"अकरा. ऑक्टोबरात मुदत आहे."

"सोडणार ना?"

"बघू," तो म्हणाला आणि आत जाऊन त्याने मशीन सुरू केलं.